दोरा कुठल्या हाताला

हात वर गेला तेव्हा लुंबिनीला उत्तर पक्कं माहीत होतं. सरांनी फळ्यावर कप्पी काढली होती, कप्पीवरून दोरी, दोरीच्या टोकांना दोन ठोकळे, आणि विचारलं होतं, "दोरीतला ताण कुठल्या बाजूला दाखवायचा?" हे तर तिला झोपेतून हलवून विचारलं असतं तरी आलं असतं. लातूरला क्लाससाठी आल्यापासून ती अशीच झाली होती. प्रश्न संपायच्या आत हात, हात दिसेना तर अर्धी उभी, तरी दिसेना तर सरळ "सर!" अशी आरोळी, की पुढच्या रांगेतली पोरं माना वळवून बघायची आणि तिला ते बघणंसुद्धा आवडायचं. पण आज हात वर गेला आणि तो डावा होता. स्वतःच्या मर्जीनं उठावा तसा उठला, कोपरातून सरळ, बोटं जुळवून, गावच्या शाळेत सगळे करायचे अगदी तसा. लुंबिनीनं मान वर करून बघितलं. तिथं वर, पंख्याच्या वाऱ्यात, तो दुसऱ्याच कुणाचा तरी हात होता. "हां, नांदेड, बोल," सर म्हणाले. एवढ्या पोरांची नावं त्यांच्या ध्यानात राहत नसत, ते जिल्ह्यावरूनच हाक मारत. नांदेड उठली. "ठोकळ्यापासून लांब, सर. दोरी नुसती ओढते, ढकलत नाही." बरोबर होतं. सर फळ्याकडं वळले. लुंबिनी बसली आणि तो हात तिनं मांडीखाली दाबून धरला.

"अगं ए," शेजारची शिवांगी वहीमागं तोंड लपवून हसत होती, "डावा?"

आता डावा हात वर केला तर काय बिघडलं, असं कुणीही म्हणेल. त्या अख्ख्या हॉलमध्ये, जिथं मागच्या रांगांना सर टीव्हीवर बघावे लागतात, तिथं डाव्या हाताचा अर्थ माहीत असलेल्या दोघीच होत्या. एक लुंबिनी आणि दुसरी शिवांगी, कारण दोघी नागठाणीच्या. मुदखेडहून जीपनं जावं लागतं त्या नागठाणीच्या शाळेत साहेब तपासणीला आले की कसं करायचं, हे पोरांना बाराखडीच्या आधी शिकवतात. साहेबांनी काहीही विचारलं तरी सगळ्यांनी हात वर करायचा. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. ज्याला येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. साहेबांना काय दिसतं? वर्गभर हातच हात, नुसती तूर उभी राहिल्यासारखी. ते खूश होतात. मग सिद्धेश्वर गुरुजी एक नजर फिरवतात, एक उजवा हात निवडतात आणि म्हणतात, "हां, तू सांग रे." लुंबिनी पहिली ते चौथी उजवाच हात होती. गुरुजींची नजर फिरत फिरत आली की तिच्यावर थांबायची, आणि तिला वाटायचं आपल्या हातावर ऊन पडलंय. डाव्यांचं काय व्हायचं याचा विचार तिनं तेव्हा केला नव्हता. ते हात वर करायचे, खाली करायचे. वर्षामागून वर्षं तेच. साहेब जायचे, पार्वतीबाई खिचडी वाढायच्या, डावे-उजवे सगळे एका ओळीत बसून खायचे.

पार्वतीबाई म्हणजे लुंबिनीची आईच. शाळेची खिचडी तीच शिजवते. सकाळी, अजून हॉस्टेलच्या नळाला पाणी यायचं होतं तेव्हा, तिचा फोन आला होता. "लुंबे, आज सायब यायलेत बघ. नांदेडहून. बाई हायेत म्हणं, लई कडक. गुरुजी दोन दिस झालं निस्ते फळे पुसून राहिले." "तू भिऊ नको गं आई." "म्या कामून भिऊ? मला भात येतो. दिपूचं बघ. तिला फुडं बसवलंय." मग मागून धाकट्या बहिणीचा, दिपूचाच आवाज, "ताई, माह्या दोन येण्या घातल्यात!" आणि फोन कट. लुंबिनी हसली होती. टॉवेल खांद्यावर टाकून नळाकडं गेली होती. भीती तेव्हाच आत शिरली असणार, पण तिनं चपला बाहेर काढून ठेवल्या असतील, आवाज आला नाही.

कारण आजची तपासणी नेहमीसारखी नव्हती. नागठाणीची शाळा बंद करून नाल्यापलीकडच्या मोठ्या गावातल्या समूह शाळेत मिसळायचं घाटत होतं. पट कमी. पट कमी आहे हे काय कुणाला सांगायला पाहिजे? लुंबिनी पहिलीत होती तेव्हा एका बस्करावर चार पोरी दाटीवाटीनं बसायच्या, तिच्या एका बाजूला शिवांगी असायची आणि दुसऱ्या बाजूला दगडफोड्यांची गंगम्मा, जी मराठी कविता तेलुगूच्या चालीत म्हणायची. मग एका जूनमध्ये गावात इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन आली. तिच्यावर हसरी पेन्सिल काढली होती. पहिल्या दिवशी ती पाटलांच्या आळीत थांबली, दुसऱ्या दिवशी देवळापाशी, आणि दसरा येईपर्यंत तिकडच्या घरांमधलं एकही पोर शाळेत उरलं नाही. शिवांगी तिसरीत होती, अर्ध्या वर्षातून गेली. तिच्या फूटपट्टीवर लुंबिनीनं आपलं नाव कोरलं होतं, ती पट्टीसुद्धा व्हॅनमधून गेली. भांडण नाही, तंटा नाही, कुणी कुणाला एक शब्द बोललं नाही. नुसती जागा झाली. बस्करावर ऐसपैस बसता यायला लागलं. आणि एक दिवस लुंबिनीनं ऐकलं, किराणा दुकानापाशी कुणीतरी पाहुण्याला वाट सांगत होतं, "ते बघा, तिथून डावीकडं, त्या लोकांच्या शाळेपाशी." शाळा तीच. भिंतीवरचा नकाशा तोच, फुटका नळ तोच. व्हॅन गेल्यावर ती 'त्या लोकांची' झाली होती. आता तिच्यात वस्तीवरची पोरं, आणि वीटभट्टी सुरू असेल तेवढे महिने भट्टीवरची. बास. हे सगळं साहेबांच्या तक्त्यात 'घटती पटसंख्या' एवढंच दिसतं.

गुरुजींनी सांगितलं होतं, पटाचं आपल्या हातात न्हाई, पण तिसरीच्या पोरांनी वाचून दाखवलं तर यंदाचं टळतंय, चांगल्या वाचनाच्या शाळेला एक वर्ष थांबवून बघणार आहेत. आणि तिसरीत कोण? तिसरीत दिपू. दिपूला वाचता येत नव्हतं. तोंडपाठ सगळं यायचं, पहिलीपासूनचे धडे ती भाकरी खाता खाता म्हणायची, पुस्तक उलटं धरून म्हणायची, पण बोट ठेवून हे काय ते विचारलं की ती माणसाच्या तोंडाकडं बघायची. अक्षराकडं नाही, तोंडाकडं. आणि शाळा मिसळली की काय होतं हे लुंबिनीला चांगलं माहीत होतं. मागच्या साली वरच्या वस्तीची शाळा मिसळली होती. पोरांना आणायला रिक्षा येणार म्हणाले, आलीही, पाऊस लागेपर्यंत. मग नाल्याला पाणी. मग मोठ्या गावातल्या वर्गात शेवटची ओळ, आणि त्या ओळीवर बसून कोण काय म्हणालं ते घरी कुणी नीट सांगेना. लुंबिनीची मावसबहीण सिंधू त्या वर्गात जायची. आता शेळ्यांमागं जाते. "शाळा कामून सोडली गं?" म्हटल्यावर ती म्हणाली होती, "सोडली कुठं? लांब गेली ती." तिच्या टाचांना चिखल वाळून भेगा पडल्या होत्या आणि ती त्या भेगांत काडी घालत बसली होती. लुंबिनीला रात्री कधीकधी त्या टाचा दिसायच्या, पण पाय मात्र दिपूचे असायचे.

मधली सुट्टी झाली तेव्हा तिला हे सगळं डोक्यातून झटकून टाकायचं होतं. बाहेर चहाच्या टपरीवर पोरांचा गलका होता. शिवांगीनं डबा उघडला. गावात शिवांगीच्या घरी काही निरोप घेऊन गेलं तर लुंबिनी ओसरीच्या खालच्या पायरीपर्यंतच जायची, कुणी थांब म्हणायचं नाही, पाय आपोआप थांबायचे. इथं दोघी एका डब्यात हात घालून खायच्या. लातूरनं हे एवढं केलं होतं, आणि दोघींनी त्यावर कधी बोलायचं नाही हेसुद्धा न बोलताच ठरलं होतं.

"काय गं नांदेड," शिवांगी म्हणाली, "अजून साहेब दिसायलेत का तुला फळ्यापाशी?"

"गप ना."

"मला तर डाव्याचीच सवय. पहिली, दुसरी, अर्धी तिसरी, कायम डावा. व्हॅनमधून त्या शाळेत गेले आणि पहिल्याच दिवशी डावा वर केला, तर मॅडम म्हणाली, येस, टेल. मेले ना मी! मला वाटलं होतं डावा म्हणजे सुट्टी." आणि ती हसत हसत समोर उभी राहिली, गुरुजींसारखं पोट पुढं काढलं आणि नाकातून म्हणाली, "सगळ्यांनी हात वर! येतं त्यानं असा, न्हाई येत त्यानं असा!"

तिनं डावा हात वर केला. तो लुंबिनीच्या उजव्या बाजूला होता.

लुंबिनी त्या हाताकडं बघत राहिली. लिंबाच्या लोणच्याची फोड तिच्या बोटात होती, रस मनगटावर उतरत होता. समोर उभ्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडं येतो. किती साधी गोष्ट. दुधखुळ्या पोरालाही कळेल. दिवाळीत ती गावी गेली होती तेव्हा दिपू रडत आली होती, तिला डावा-उजवा कळत नाही म्हणून गुरुजी ओरडले होते. मग लुंबिनीनं, ह्या हुशार, लातूरला शिकणाऱ्या, सगळ्या प्रश्नांना हात वर करणाऱ्या लुंबिनीनं, आईकडून विहारातल्या परित्राण पाठाचं उरलेलं पांढरं सूत मागून घेतलं होतं. दिपूला समोर बसवलं होतं. दोघींचे गुडघे एकमेकींना लागत होते. "हे बघ, न्हाई आलं तर हा दोऱ्याचा हात वर करायचा. आलं तर बिनदोऱ्याचा. येवढं ध्यानात ठिव." आणि तिनं आपल्या डाव्या बाजूला आलेला हात धरला आणि त्याला तो दोरा बांधला. तीन गाठी मारल्या, सुटू नये म्हणून.

तो उजवा होता. दिपूचा उजवा.

म्हणजे आता, ह्या क्षणी, कदाचित आत्ताच, त्या नांदेडच्या बाई विचारणार, कुणाला वाचता येतं, आणि दिपू, जिला येत नाही, ती आपल्या ताईनं शिकवलंय तसं इमानदारीनं दोऱ्याचा हात वर करणार. उजवा. पहिल्या ओळीत. दोन वेण्या घालून. गुरुजी नजर फिरवणार, उजवा हात दिसला म्हणून भरवशानं म्हणणार, हां, तू वाच. टपरीचा स्टो फुरफुरत होता आणि तो आवाज लुंबिनीला एकदम फार मोठा वाटायला लागला. ती उठली. "काय झालं गं?" शिवांगी म्हणाली. लुंबिनी क्लासच्या काउंटरकडं पळाली, जिथं क्लासला येताना फोन जमा करावे लागतात, आपला फोन घेतला, आईला लावला. वाजत राहिला. आईचा फोन घरी चार्जिंगला असणार, आई चुलीपाशी. गुरुजींना लावला. बंद. पुन्हा आईला. पुन्हा. प्रत्येक वेळी ती रिंग तिला घरातल्या कोनाड्यात वाजताना ऐकू यायची, रिकाम्या घरात, आणि दारात कोंबडी मान वाकडी करून ऐकतेय.

"अगं बोल तर काहीतरी! कुणाला काय झालं?"

लुंबिनीनं सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच ते इतकं बारीक वाटलं, सुताएवढं. शिवांगी हसली नाही, तिनं आपलाही फोन सोडवून घेतला आणि दोघी पुन्हा टपरीपाशी आल्या. ती म्हणाली, "पप्पा तिथंच असतील. अध्यक्ष आहेत ना ते, तपासणीला बोलावतात त्यांना. लावू?"

साहेबराव. शिवांगीचे वडील. स्वतःच्या पोरीला व्हॅनमध्ये बसवून गावच्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष राहिलेले साहेबराव. डाव्या-उजव्याचं गुपित त्यांच्या कानात घालायचं? शाळा गेली काय, राहिली काय, त्यांचं काय अडतंय? उद्या तेच म्हणतील, अशी फसवाफसवी चालते तर कशाला पाहिजे शाळा. किंवा म्हणणार नाहीत काहीच, नुसतं बाईंकडं बघून हसतील, आणि तेवढं पुरेल. न सांगितलं तर दिपू उभी राहणार. सांगितलं तर गुरुजी जाणार. तिला दोन्हीकडून ओढ बसत होती आणि ढकलणारं कुणी नव्हतं.

"लाव," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिच्या आधी बाहेर पडला.

फोन लगेच उचलला गेला. "काय गं शिवा, आत्ता काय, हितं सायब—" लुंबिनीनं फोन ओढूनच घेतला. "काका, मी लुंबिनी, पार्वतीबाईची. काका, दिपूचा दोरा मी चुकीच्या हाताला बांधला! ती उजवा करंल, काका, आणि तिला येत नाही, गुरुजींना सांगा तिला उठवू नका, काका, डाव्या-उजव्याचं असं असतं की—"

"मला सांगायली का डाव्या-उजव्याचं?" साहेबराव हळू आवाजात, पण हसले. "पोरी, मीबी डावा हात करूनच चौथी पास झालोय त्याच शाळेत. गुरुजींच्या आधीच्या गुरुजींपसून हाय ते." मग आवाज आणखी खाली आला. "आन ती दिपू तर रोजच उजवा करती. दिवाळीपसून. गुरुजी म्हणले मला, हात करती तर उठवावंच लागतंय. उठवलं की रडायची आधी. मग रडत रडत एक अक्षर, मग एक शब्द. रोज तिलाच उठवायलेत ते. आता कितपत येतं ते काय मला—थांब, थांब, बाई आल्या. बोलू नको."

फोन कट झाला नाही. खसखस झाली. त्यांनी तो तसाच सदऱ्याच्या खिशात टाकला असणार. लुंबिनीनं स्पीकर लावला नाही, लातूरच्या रस्त्याला ते ऐकू जायला नको होतं. तिनं फोन कानात रुतेल एवढा दाबला आणि शिवांगीनं आपला कान मागून त्याला लावला, दोघींची डोकी एकमेकींवर आपटली. कापडाच्या आतून वर्ग ऐकू येत होता. खुर्ची सरकल्याचा आवाज. कुणीतरी खोकलं, ते तिच्या ओळखीचं खोकणं होतं, गुरुजी घाबरले की असे खोकतात. रोज तिलाच उठवायलेत. म्हणजे दिवाळीपासून रोज, ती इथं "सर, सर" म्हणून ओरडत होती तेव्हा, तिकडं एक पोर तिनं बांधलेल्या दोऱ्यामुळं सगळ्या वर्गापुढं उभं राहून रडत होतं. आणि त्या पोरीनं फोनवर एकदाही सांगितलं नव्हतं. वेण्यांचं सांगितलं होतं. मांजराला पिल्लं झाल्याचं सांगितलं होतं.

"कुणाला वाचता येतं?" बाईंचा आवाज. थंड, स्वच्छ.

सळसळ झाली. हात वर जाताना आवाज होतो, हे लुंबिनीला आज पहिल्यांदा कळलं.

"हां," गुरुजी म्हणू लागले, "तू—"

"थांबा गुरुजी. मी निवडते. तू, पुढची. नाव?"

"दिपाली."

"पुस्तक ठेव खाली. हा कागद घे. ह्यातलं वाच."

कागद. म्हणजे पाठ नसलेलं, कधी न बघितलेलं. लुंबिनीनं डोळे मिटले. समोरून एक बस हॉर्न वाजवत गेली आणि त्यात काही बुडू नये म्हणून तिनं दुसऱ्या कानात बोट घातलं. मग काहीच नाही. कापडाची खसखस, एवढंच. किती वेळ ते काही कळेना. शिवांगी तिचा दंड धरून होती, नखं रुतत होती.

"रा...ना...त," कुणीतरी म्हणालं. "रानात. ए...क. म्हा...ता...री. म्हातारी. शे...ळी."

तो दिपूचा आवाज नव्हताच. दिपूचा आवाज धबधब्यासारखा असतो, पाठ केलेलं ती घडाघडा ओतते. हा आवाज अंधारात भिंत चाचपत चालल्यासारखा येत होता, एक पाय, मग थांबून दुसरा. "हो...ती. शेळी होती. ती...ला. तिला." आणि थांबला. लुंबिनी ओठ हलवायला लागली. कुठला शब्द आला असेल? जोडाक्षर असणार. तिला सांगायचं होतं, ओरडून सांगायचं होतं, सगळी उत्तरं माहीत होती तिला, पण कागद तिकडं होता, आणि इथून, लातूरहून, टपरीपासून, तो शब्द दिसत नव्हता. तिनं मनातल्या मनात तिला शब्दामागून शब्द पुरवले, आणि त्यातला एकही तिकडं पोचला नाही. गुरुजी पुन्हा खोकले. गेली, लुंबिनीला वाटलं, गेली शाळा, त्या एका अक्षरापाशी गेली.

"बाई," दिपू म्हणाली. आणि आता तो तिचाच आवाज होता, भाकरी खाताना असतो तसा, मोकळा. "हे न्हाई येत मला. ह्याच्या फुडचं वाचू?"

शिवांगीची नखं थांबली. फोनमध्ये खिशाचं कापड एकदा खसखसलं, साहेबरावांनी तिथं धरलेला श्वास सोडला असावा.

"वाच," बाई म्हणाल्या.

दिपू पुढचं वाचू लागली.